अल्याडची मेंढरं पल्याड

व्हीसीडीच्या कव्हरवर पिवळ्या ठळक अक्षरांत ‘संपूर्ण चित्रपट’ असं छापलेलं होतं, आणि सोपान रुपनवर हा छापील अक्षरावर विश्वास ठेवणारा माणूस होता. बारामतीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून निम्मं आयुष्य काढल्यावर माणसाला तेवढी एक खोड लागतेच.

घरी त्याचं स्वतःचं एक लाकडी कपाट होतं. त्यात जुने मराठी चित्रपट. आधी व्हिडिओ कॅसेटी होत्या, आता व्हीसीडी. प्रत्येक डबीच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी, आणि मांडणी विषयवार: पौराणिक, ऐतिहासिक, तमाशाप्रधान, कौटुंबिक अश्रू. डबी उसनी मिळत नसे. मागणाऱ्याला “बघायचं तर इथं बसून बघा” असं सांगितलं जाई, आणि बसलेल्याला मध्येच बोलू दिलं जात नसे. त्यामुळे मागणारे फार नव्हते. त्याची बायको अनिता शेजारणीला म्हणायची, “कॉलेजातल्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही, म्हणून हे घरी पिक्चरला नंबर घालत बसतात. माझ्यावर अजून चिकटवला नाही, हेच नशीब.”

त्या कपाटातला एकच चित्रपट सगळ्या घराचा होता. त्याला रीतसर नाव होतं, पण घरात त्याला ‘मेंढरांचा पिक्चर’ म्हणत. सोपानच्या जन्माच्या आगेमागे कधीतरी मुंबईची एक कंपनी बावड्याजवळ नीरेच्या काठी शूटिंगला आली. तिला कळप हवा होता. सोपानचे वडील तात्याबा तेव्हा मेंढरं राखत. कंपनीनं त्यांची मेंढरं घेतली, तात्याबांना मात्र घेतलं नाही. त्यांच्या मिशा नायकापेक्षा मोठ्या दिसत होत्या. प्रसंग असा, की कळप नदी ओलांडतो आणि त्याच्यामागून एक धनगरीण खांद्यावर कोकरू घेऊन गुडघाभर पाण्यातून चालत येते. नटीला पाण्याची भीती वाटायला लागली, आणि मेंढरं तर परक्या हाकेला पाण्यात उतरेचनात. शेवटी तात्याबांची बायको भागूबाई उतरली. पल्याड पोचल्यावर तिनं एकदा मागं वळून पाहिलं. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. एक मेंढरू मागं राहिलं होतं, म्हणून पाहिलं.

भागूबाईचा दुसरा फोटो नव्हता. सोपान शाळेत असतानाच ती तापानं गेली. तिचं जे काही उरलं ते एवढंच: नदी, कोकरू आणि ते वळून पाहणं.

पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं पान वाढतात त्या दिवशी, रुपनवरांच्या घरी नैवेद्य झाला की कॅसेट लागे. तात्याबा टीव्हीसमोर पाट ओढून बसत. नदी आली की म्हणत, “थांबीव तितं.” सोपान पॉजचं बटण दाबे. भागूबाई वळलेली तशीच उभी राही. तात्याबांच्या हातातला चहा पार निवून जाई, मग ते म्हणत, “जाऊ दे आता तिला.” आणि ती जाई.

पण दरसाल एकाच जागी थांबवून कॅसेटला तिथं जखम झाली. एक पांढरी रेघ पडली, भागूबाईच्या कपाळापासून खांद्यावरच्या कोकरापर्यंत, आणि ती वर्षागणिक जाड होत चालली. त्यात तात्याबांना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नसते. उरलीय ती किती टिकेल, सांगता येत नाही. म्हणजे एकीकडून कॅसेट चाललेली, दुसरीकडून डोळे.

अशात सत्त्याण्णवच्या दिवाळीला रामहरीनं आपल्या व्हिडिओच्या दुकानावर फलक लावला: ‘जुनं द्या, नवं न्या.’

“सर, कॅसेटचा जमाना गेला,” रामहरी म्हणाला. “सीडीवर पॉज करा न् दिवसभर ठेवा. रेघ न्हाय, मुंग्या न्हाईत. तुमचा तो व्हीसीआर बी घेऊन या, प्लेअर देतो.”

“मेंढरांचा आहे का सीडीवर?”

“पुढच्या महिन्यात येतोय.”

व्हीसीआर द्यायचाच म्हटल्यावर एक कॅसेट मागं ठेवून तिचं करायचं काय? सोपाननं सगळं रिक्षात घातलं आणि पोचवलं. ग्रंथालयात एखादं पुस्तक रद्दीत काढायचं तर त्याला तीन सह्या लागत. इथं रिक्षावाल्यानं नुसता हॉर्न वाजवला.

रामहरीचा पुढचा महिना दीड वर्षानं उगवला. मधली नवमी कोरडी गेली. तात्याबा सवयीनं पाट ओढून बसले, बंद टीव्हीत स्वतःलाच बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, “अवंदा न्हाय का ती?”

“पुढच्या महिन्यात, आबा.”

“तिला कुणी सांगितलं का पुढच्या महिन्यात ये म्हणून?” असं म्हणून ते पाट जागेवर ठेवून आले.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये व्हीसीडी आली. दोन चकत्या, चकचकीत डबी, वर ‘संपूर्ण चित्रपट’. सोपाननं नंबर घालण्याआधीच ती लावली. चित्र खरंच स्वच्छ होतं. कळप अलीकडच्या काठावर आला. पाटील दारू पिऊन एक मोठं भाषण करून गेला. मग कळप पलीकडच्या काठावर चरत होता. मध्ये काही नव्हतं.

तात्याबांनी पाट टीव्हीजवळ ओढला.

“ही मेंढरं अल्याड हुती.”

“हो, आबा.”

“आता पल्याड हायती.”

“हो.”

“मग नदी कुणी वलांडली?”

सोपाननं चकती काढली, बनियनला पुसली, परत लावली. मेंढरं परत न भिजता पल्याड गेली. त्यानं पहिली चकती बघितली, दुसरी बघितली, पहिलीच्या शेवटाला आणि दुसरीच्या सुरुवातीला नाक लावून बघितलं. पाटलाचं भाषण अख्खं होतं. विनोदी नटाची दाढदुखी अख्खी होती, आणि ती दाढ दोनदा दुखते. नदी तेवढी नव्हती. चित्रपट लांबीला जास्त, दोन चकत्यांत मावेना; तिसरी चकती घालायची तर डबी बदलावी लागणार. म्हणून कुणीतरी मुंबईत बसून, चहा पिता पिता, नीरा नदी कापून काढली होती.

सोपान दुपारच्या उन्हात तसाच दुकानात गेला.

“रामहरी, यातला सीन कापलाय.”

“कापला कसा? सुरुवात हाय का?”

“आहे.”

“समाप्त अशी पाटी येती का?”

“येते.”

“मग सर, दोन्ही टोकं शाबूत असल्यावर मधलं जाईल कुठं?”

“मेंढरं न भिजता नदीपार गेलीत!”

“पूल असंल की.”

“तेव्हा तिथं पूल नव्हता!”

“त्ये तुमाला ठावं. गिऱ्हाइकाला काय ठावं?” रामहरीनं डबी उलटीसुलटी केली. “आजवर कुणाची तक्रार न्हाय बगा. तुमी पहिलेच.”

सोपाननं एसटीडी बूथवरून डबीवरच्या नंबरावर मुंबईला फोन लावला. तिकडच्या माणसाला त्यानं शांतपणे, ग्रंथपालाच्या आवाजात सांगितलं की कव्हरवर ‘संपूर्ण’ छापलंय, आणि अपूर्ण वस्तूला संपूर्ण म्हणणं याला मराठीत एक शब्द आहे. तो माणूस नम्र होता. “साहेब, स्टोरी कळते ना? हिरो भेटतो, हिरोईन भेटते. मेंढरं बघायला कोण पिक्चर घेतं?”

“मी घेतो!” सोपान इतक्या जोरात ओरडला, की बूथमधला पुढच्या नंबराचा माणूस दोन पावलं मागं सरला.

“मग तुम्ही बाजारात जा ना साहेब,” तो नम्र माणूस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

घरी येऊन सोपान बोलतच राहिला. पुस्तकातलं पान फाडलं तर पोराला दंड होतो. इथं अख्खी नदी फाडली आणि वर पिवळी अक्षरं! अनितानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “कंपनीनं कापलं ते कापलं. पण आपल्याकडं होतं की न कापलेलं. ते रिक्षात कुणी घातलं?”

त्या रात्री सोपान जेवला नाही. राग कंपनीवर होता, पण बसायला त्याला घरातच जागा सापडली होती.

दुसऱ्या दिवशी रामहरीकडून निघालं ते असं: जुन्या कॅसेटी इंदापूरच्या संदेशनं एकगठ्ठा उचलल्या होत्या. संदेश लग्नाचं शूटिंग करी. कोऱ्या कॅसेटी घेण्यापेक्षा पिक्चरच्या स्वस्त पडत. सोपान एसटीनं इंदापूरला गेला. ‘शूटिंग व मिक्सिंग’ अशी पाटी असलेल्या गाळ्यात संदेश पडद्यावरच्या एका नवरीला हृदयाच्या आकारात बसवत होता. तिच्यामागं बर्फाचे डोंगर होते.

“माझी कॅसेट होती,” सोपान म्हणाला. “तुम्ही तिच्यावर लग्न घेतलंत.”

“आसंल. मी काय नाव वाचून चढवतो का? चढवू नये म्हणून कंपनी कॅसेटची खिट्टी मोडून देती. भोकावर सेलोटेप मारायची न् चढवायचं.”

“त्यात एक कळप नदी ओलांडत होता.”

संदेशचा हात थांबला. “मेंढरं? मागनं बाई?”

“हो!”

“सांगवीची पार्टी!” संदेश खुलला. “लगीन आटपलं लवकर, कॅसेट उरली. त्यात शेवटाला ती मेंढरं तशीच राहिली. मला वाटलं आता शिव्या खातोय. तर पार्टी म्हणती, लई भारी मिक्सिंग केलं! त्यांचं बघून आणखी चौघं आले, आमाला बी शेवटाला मेंढरं पाहिजेत म्हणून. आता मी कुठनं आणू?” मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “सर, तुमच्याकडं तसलं आणखी हाय का?”

सोपानला त्या क्षणी वाटलं, की माणसानं ग्रंथपाल न होता काहीतरी हातात धरण्यासारखं शिकायला हवं होतं. तलवार वगैरे. त्यानं पत्ता घेतला. म्हणजे इंदापूरपर्यंत हेलपाटा घालून कळलं काय, तर कॅसेट बारामतीच्या बगलेत, सांगवीला.

सांगवीच्या द्वारकाबाईंचं घर भाजीपाल्याच्या मळ्यात होतं. त्यांच्या सासऱ्यापर्यंत त्यांच्याकडंही मेंढरं होती. आता दोडकी आणि कोबी. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुलगी दिपालीचं लग्न झालं, तिची ही कॅसेट. सोपाननं विनंती केली: दोन दिवसांसाठी द्या, आणून देतो.

“कॅसेट घराबाहेर जात न्हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बघायचं तर हितं बसून बघा.”

स्वतःचंच वाक्य समोरून आल्यावर सोपाननं मान डोलावली. लेक-जावई नवमीला यायचे होते, तेव्हा या, असं ठरलं. का बघायचं, हे त्यानं सांगितलं नाही. आईचं नाव काढलं तर आवाज फुटेल, एवढं त्याला ठाऊक होतं. वडलांना बघायचंय, इतकंच म्हणाला.

नवमीला सकाळी घरचं पान वाढून सोपान तात्याबांना घेऊन सांगवीला गेला. सतरंजी अंथरलेली. टीव्हीवर रुमाल झाकलेला. दिपाली व्हीसीआरमध्ये कॅसेट मागं घेत होती.

“रुमाल का?” सोपाननं विचारलं.

“उलटं फिरताना बघायचं नसतं,” दिपाली म्हणाली. “गळ्यातलं मंगळसूत्र सुटतं.”

“आन् नवरा-नवरी होमाभवती उलटी पळत्यात,” द्वारकाबाई म्हणाल्या. “एकदा चुकून दिसलं, तर पुढच्या आठवड्यात जावयाचा ट्रॅक्टर उलाटला. तवापासनं रुमाल.”

“बरं. मग आता पुढं ढकलू या का? शेवटचंच बघायचं आहे.”

“लगीन पळवायचं न्हाय,” द्वारकाबाईंनी निकाल दिला. “पहिल्यापासनं बघायचं.”

म्हणून रुपनवर बापलेकांनी दिपालीची हळद पाहिली. वरात पाहिली. सगळ्या पाहुण्यांना एकेक करून फेटे बांधताना पाहिलं. प्रत्येक फेट्यागणिक सोपान मनगटावरचं घड्याळ बघत होता, कारण कुठलाही पाहुणा जरा जास्त थांबला असता, तर त्याची आई पुसली गेली असती. मुहूर्ताला कुणाचा तरी मामा येईना, म्हणून अक्षता हातात घेऊन सगळा मांडव उभा राहिलेला. हा मामा नदीत घुसणार, सोपान मनात म्हणत होता, हा जाड्या माझी मेंढरं बुडवणार. पंगतीत तर तो तीनदा वाढून घेत होता. तात्याबा टीव्हीला हातभर अंतरावर बसून, नजर उरलेल्या एका डोळ्यानं हे सगळं लक्ष देऊन बघत होते.

मग दिपाली रडली, जीप हलली, संदेशचं हृदय उमललं आणि मिटलं, आणि लाल-हिरवं सगळं निघून जाऊन एकदम काळंपांढरं झालं. बँड थांबला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या.

सतरंजीवरच्या सगळ्यांनी हात जोडले.

कळप पाण्यात उतरला. भागूबाई उतरली. पल्याड गेली. वळली.

“थांबीव तितं,” तात्याबा म्हणाले, आणि सवयीनं सोपानचं बोट पॉजवर पडलं. पांढरी रेघ थरथरत कपाळापासून कोकरापर्यंत उभी राहिली.

“आलं बगा तेज!” द्वारकाबाई उठल्या. कोनाड्यातल्या वाटीतून चिमूटभर भंडारा घेऊन त्यांनी टीव्हीच्या काचेला, बरोबर भागूबाईच्या कपाळावर, लावला. “बाणाई हाय ही, तात्या. खंडोबाची धनगर राणी. आमच्या लेकीच्या लग्नाला आशीर्वाद द्यायला आली. संदेशनं लई श्रद्धेनं मिक्सिंग केलंय.”

सोपान उभा राहिला. दोन वर्षांचं सगळं एकदम वर आलं: रामहरीची दोन टोकं, मुंबईचा नम्र माणूस, सेलोटेप, हृदय, तो मामा.

“ही बाणाई नाही!” तो म्हणाला. “आणि हे तेजही नाही, ही माझ्या पॉजची रेघ आहे! ही माझी आई आहे! भागूबाई तात्याबा रुपनवर, मुक्काम पोस्ट बावडा! तुमच्या त्या संदेशनं माझ्या आईवर तुमचं लग्न चढवलंय!”

जावयानं घाईघाईनं लुंगी ओढून पोटऱ्या झाकल्या, का ते त्यालाच ठाऊक. द्वारकाबाईंचा भंडाऱ्याचा हात तसाच वर राहिला.

“तुमची आई?”

“माझी आई!”

“मग वरीसभर आमी तुमच्या आयसमोर नारळ फोडतोय व्हय?” द्वारकाबाईही चढल्या. “कोबीला भाव आला तवा तिला चोळीचा खण दाखीवला! आन् त्यो मुडदा म्हणतो, मिक्सिंग मुंबईवनं आणलं! आन् तुमी तरी कसले ओ? आय असली तर रिक्षात घालून दुकानात देत्यात का?”

हे त्याला अनितानं सांगितलेलंच होतं, पण सांगवीत ते ऐकायला वेगळं लागलं. सोपान खाली बसला.

द्वारकाबाईंनी मग म्हाताऱ्याकडं बघितलं. “व्हय, तात्या? मालकीन हाय ही तुमची?”

तात्याबा सरकत काचेपाशी गेले होते. नाक जवळजवळ टेकलेलं. “हाय,” ते म्हणाले. “येक मेंढरू मागं राहिलं हुतं, त्येला बगती. पुढं त्ये आलं पोहत, झकास आलं. पर तवर कंपनी सामान बांधून निगाली हुती. त्ये काय पिक्चरमधी न्हाय.” त्यांनी काचेवरचा भंडारा बोटानं पुसला नाही, त्याच्या बाजूनं बघत राहिले. “घाईच लई त्या लोकांला. तवा बी.”

दिपालीनं चहा आणून ठेवला. तो निवला.

“जाऊ दे आता तिला,” तात्याबा म्हणाले.

निघताना सोपाननं खालच्या आवाजात विचारलं, की या कॅसेटवरून दुसरी उतरवून घेतली तर चालेल का. संदेशकडं दोन यंत्रं असतात.

“त्याच्याकडं? परत?” द्वारकाबाई कडाडल्या. “आता त्यावर बारसं चढवील त्यो! दोन मशिनी हितं आणा, माज्यासमोर उतरवा. आन् सगळं उतरवायचं. नुसता शेवट तोडून नेऊ देणार न्हाय. लगीन काय अर्धं असतं का?”

“नाही,” सोपान म्हणाला. हे वाक्य मुंबईला फोनवर ऐकवायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी दोन व्हीसीआर भाड्यानं आणून, टीव्हीवर रुमाल टाकून कॅसेट मागं घेऊन, हळदीपासून मेंढरांपर्यंत सगळं उतरवलं गेलं. मामा दुसऱ्यांदा उशिरा आला. भंडाऱ्याची वाटी कोनाड्यात होती तिथंच होती. द्वारकाबाईंनी नदी आल्यावर ती घेतली, सोपानकडं एकदा रागानं बघितलं आणि चिमूट लावलीच.

घरी आल्यावर सोपाननं भाड्याचा एक व्हीसीआर टीव्हीला जोडला आणि कपाटातली व्हीसीडी काढली. ब्लेडनं कव्हरवरची ‘संपूर्ण चित्रपट’ ही पिवळी पट्टी अगदी सरळ रेषेत कापली आणि ती नव्या कॅसेटच्या पाठीवर चिकटवली. चकत्या उरल्या, त्या त्यानं रामहरीच्या दुकानात नेऊन गल्ल्यावर ठेवल्या. “दोन्ही टोकं शाबूत आहेत,” म्हणाला आणि मागं न वळता निघून आला.

“नंबर कुठला देणार हिला?” अनितानं विचारलं. “पौराणिक, का कौटुंबिक अश्रू?”

सोपान हातात चिठ्ठी घेऊन कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला.

“त्ये राहू दे,” पाटावरून तात्याबा म्हणाले. पाट त्यांनी आधीच ओढून ठेवला होता. “लाव आधी. पहिल्यापासनं लाव. त्यो मामा अवंदा तरी येळंला येतो का बगू.”